आमच्या घरातील उवा

या साप्ताहिकाच्या घरगुती पानावर आजवर लोणच्यापापडांच्या कृती आल्या, बाळंतिणीच्या आहारावर लेख आले, मुलांच्या परीक्षांविषयी तर दरवर्षी येतात; परंतु उवांवर कोणी लिहिल्याचे आम्हांला स्मरत नाही. विषय आहेच तसा. चार बायका एकत्र जमल्या म्हणजे गुडघेदुखी, भाज्यांचे भाव आणि सुनांचे स्वभाव यांवर मोकळेपणी बोलतात. पण आपल्या घरात उवा झाल्या आहेत असे कोणी म्हणत नाही. आम्हीही म्हटले नाही, आणि त्या न म्हणण्यापायी एका लहान मुलीवर अन्याय केला. म्हणून हे लिहावयास बसलो आहोत. वाचताना कोणाचा हात नकळत डोक्याकडे गेला, तर त्याने संकोच मानू नये; लिहिताना आमचाही जात आहे.

गोष्ट २०२३ सालच्या जुलै महिन्यातली. बेळगावचा पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगावयास नको, की त्या दिवसांत सकाळी धुतलेले केस संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. आमची नात तेव्हा तिसरीत होती. तिचे केस कमरेपर्यंत पोहोचलेले, आणि त्यांचा अभिमान तिच्यापेक्षा आम्हांलाच अधिक. रोज सकाळी तेल लावून तिच्या दोन वेण्या घालणे हे आमचे काम, आणि रात्री तिला कुशीत घेऊन गोष्ट सांगणे हेही आमचेच. एके दिवशी शाळेतून चिठ्ठी आली : मुलीच्या डोक्यात उवा आहेत, त्या गेल्याखेरीज तिला वर्गात पाठवू नये. आमच्या सुनेने दारातच, पायांतील चपला न काढता, ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. ती केरात टाकली असती तर न जाणो कोणा शेजारणीच्या हाती लागती!

उवा आपल्या घरच्या असूच शकत नाहीत, यावर आमच्या घरातील सर्वांचे, कधी नव्हे ते, एकमत झाले. मग त्या आल्या कोठून? आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी शाळा सुटल्यावर आईबरोबर येत असे. नातीहून वर्षभराने मोठी. दोघी व्हरांड्यात डोक्याला डोके लावून सागरगोटे खेळत. पुरावा कोणी मागितला नाही. निकाल आम्हीच दिला, आणि तो सांगण्याचे कामही आमच्याकडेच आले. "थोडे दिवस पोरीला आणू नकोस," एवढेच आम्ही म्हणालो. कारण सांगितले नाही. बाईंनी फडके पिळता पिळता "बरं आजी," म्हटले आणि पुढची फरशी पुसावयास घेतली.

त्यानंतर उपायांना प्रारंभ झाला. औषधाच्या दुकानातून पर्मेथ्रिनचे लोशन आणले. दहा मिनिटे ठेवून डोके धुतले. मेलेल्या उवा मोजल्या तेव्हा एकोणीस भरल्या. घरात सण असल्यासारखा आनंद झाला, आणि रिकाम्या खोक्याबरोबर त्यातील माहितीचा कागदही आम्ही टाकून दिला. दहाव्या दिवशी जेवताना नातीने डावा हात कानामागे नेला, आणि सुनेचा घास हातातच राहिला. दुकानदाराने भेसळीचे औषध दिले, असे आम्ही ठरवून टाकले. (औषध अगदी चोख होते, हे पुढे कळले.)

मग घरगुती उपाय. खोबरेल तेलात कापूर घालून झाला. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने न्हाऊ घालून झाले. रिठे झाले, शिकेकाई झाली. उवा दोन दिवस दिसेनाशा होत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी आमच्या लहानपणीचा उपाय आम्हांला आठवला : सीताफळाच्या बिया. वाळवून ठेवलेल्या बिया आम्ही स्वहस्ते कुटल्या, तेलात कालवल्या आणि नातीच्या डोक्याला चोपडल्या. धुताना तो लगदा कपाळावरून तिच्या डावड्या डोळ्यांत उतरला. पोरीने जी किंकाळी फोडली ती आजही आमच्या कानांत आहे. डोळा लाल होऊन सुजला, उजेड सोसेना. डॉक्टरांनी तो धुऊन औषध घातले, पट्टी बांधली आणि आमच्याकडे पाहून सांगितले की या बियांच्या भुकटीने डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सोलला जातो. असे रोगी आपल्याकडे नवीन नाहीत. चार दिवसांत डोळा बरा झाला. पण त्या चार रात्री ती आमच्या कुशीत पट्टी बांधून झोपली होती, आणि आम्ही जागे होतो. वाचकभगिनींनो, हा उपाय कोणाच्याही आजीने सांगितला तरी करू नये. रॉकेलही लावू नये. चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या रॉकेल लावलेल्या केसांचे काय होते ते आम्ही लहानपणी एकदा पाहिले आहे, आणि त्याचे वर्णन करण्याची आमची इच्छा नाही.

आमचे यजमान या साऱ्या प्रकरणात वर्तमानपत्राआडून लक्ष ठेवून होते. ते म्हणाले, "न्हाव्याकडे न्या. केसच नाहीत तर उवा कशाला धरतील?" तर्कात खोट नव्हती, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर तो सिद्ध झालेलाच होता. नात मात्र हे ऐकताच खाटेखाली जाऊन बसली. जेवणाची हाक मारली तरी येईना. आम्ही वाकून पाहिले तर दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरलेल्या!

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. आमचे बालपण १९६० नंतरच्या दशकात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गेले. रविवारी दुपारी आमच्या घराच्या पायरीपायरीवर बायका बसत; एकीच्या पुढे दुसरी, तिच्या पुढे तिसरी, आणि प्रत्येकीचे बोटे चालवणे पुढचीच्या केसांत. मांडीवर जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा. अंगठ्याच्या नखावर ऊ चिरडल्याचा बारीक आवाज आणि त्याबरोबर साऱ्या गावाच्या बातम्या. कोणाला लाज वाटत नसे, कारण लाजावे तर कोणापुढे? १९५८ साली देशभर हिवतापनिर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला होता; भिंतींवर डीडीटी फवारणारी माणसे आमच्या गावातही येत. त्यांच्याकडून मूठभर भुकटी मागून घेऊन बायका ती पोरांच्या केसांत चोळीत. आज अंगावर शहारा येतो. तथापि त्या काळी सर्व छान होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या डोक्यात उवा बारा महिने असत. त्या पायऱ्यांवर उवा मारल्या जात, संपत कधीच नसत. फरक इतकाच, की तेव्हा त्या साऱ्या गावाच्या होत्या. आता सदनिकांची दारे लागली, आणि ज्याच्या त्याच्या उवा ज्याच्या त्याच्या घरात राहिल्या.

ऑगस्ट सरत आला. आमच्या परिचयाच्या एक वयोवृद्ध परिचारिका आहेत. सरकारी दवाखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. त्या काही निमित्ताने घरी आल्या असता नात अंगणातून धावत आली आणि डोके खाजवीतच आमच्या मांडीवर बसली. आम्ही तिला दटावले. परिचारिकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "किती महिने झाले?" सुनेचे डोळे भरून आले. दोन महिने मनात दाबून ठेवलेले सारे तिने त्यांना सांगितले. लोशन, कापूर, बिया, न्हावी, काहीही वगळले नाही. धुणीभांडीवाल्या बाईंच्या मुलीचेही सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पांढरा कागद, खोबरेल तेल आणि घरातील सर्वांत बारीक दातांची फणी मागितली.

नातीचे केस तेलाने चिंब करून त्यांनी एकेक बट धरली आणि फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढली. प्रत्येक वेळी फणी कागदावर पुसली. कागदावर तिळाएवढे, करडे, सहा पायांचे जीव हळूहळू हलू लागले. "तेलाने ही मरतेच असे नाही," त्या म्हणाल्या, "पण पाय अडकतात, पळता येत नाही. पाण्याने तर काहीच होत नाही. श्वासाची छिद्रे मिटून घेते आणि तासन्‌तास तशीच राहते." मग त्यांनी आम्हांला जे समजावले ते आम्ही सत्तर वर्षांच्या आयुष्यात कधी ऐकले नव्हते. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले म्हणजे चालत जाते. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते. ती लीख. तिला केसाशी चिकटवणारा डिंक केसाच्याच जातीचा असतो, म्हणून केस शाबूत ठेवून तो विरघळवणारे औषध मिळणे कठीण. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. बाहेर आलेले पिल्लू तीनदा कात टाकते आणि नऊ ते बारा दिवसांत अंडी घालू लागते. लोशन उवा मारते, लिखा सर्व मारत नाही. म्हणून आठवडा-नऊ दिवसांनी ते पुन्हा लावावे असे त्या टाकून दिलेल्या कागदावर छापलेले असते. शिवाय जगात पुष्कळ ठिकाणच्या उवा आता या औषधाला जुमानत नाहीत; त्यांच्या आज्या-पणज्यांनी डीडीटीही असेच पचवले होते. फणीला मात्र कोणतीही ऊ सरावत नाही.

"तुम्ही औषधे बदललीत," त्या म्हणाल्या, "दिवस मोजले नाहीत."

आम्ही हे सर्व मान डोलावून ऐकत होतो. तोच त्या आमच्याकडे वळल्या. "आता आजी, तुमचं बघू."

"आमचे कशाला? आम्हांला खाज मुळीच नाही."

"खाज उवेची नसते, तिच्या लाळेची असते. कोणाला महिन्या-दीड महिन्याने सुटते, कोणाला कधीच सुटत नाही. पोर कोणाजवळ झोपते?"

आम्ही अंबाडा सोडला. आमचे केस आता पूर्ण पिकलेले. पांढऱ्या केसांवर पांढरी लीख कोणाला दिसणार? परिचारिकाबाईंनी मानेजवळून फणी एकदा ओढली, कागदावर पुसली आणि कागद आमच्यापुढे धरला. पाच होत्या. एकाच ओढीत पाच. सून कागदाकडे पाहत होती, आमच्याकडे पाहत नव्हती. तिचे ते सौजन्य आम्ही विसरणार नाही. दोन महिने आम्ही नातीचे डोके धूत होतो आणि रोज रात्री गोष्ट सांगताना आमच्याच डोक्यातल्या उवा तिला परत देत होतो.

त्याच दिवशी घरातील पाचही डोकी तपासली. यजमानांचेही, तेथे फणीला फारसे काम नव्हते. नातीच्या डोक्यातून २३ निघाल्या, आमच्या ३१, सुनेच्या ४, मुलाच्या डोक्यात एकही नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी आम्ही पाच फुल्या मारल्या : पहिला दिवस, पाचवा, नववा, तेरावा, सतरावा. युक्ती एवढीच, की दर चार दिवसांनी फणी फिरली तर मधल्या काळात फुटलेली पिल्ले अंडी घालण्याच्या वयाची होण्यापूर्वीच कागदावर येतात. गादी उन्हात टाकणे, घर फिनेलने धुणे, खुर्च्या झटकणे यांपैकी काहीही करावे लागले नाही. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. उशांचे अभ्रे व कंगवे तेवढे कढत पाण्यातून काढले. एका डोक्याला पाऊण तास लागे. पाचव्या दिवशी नातीच्या डोक्यातून ९ निघाल्या, सर्व बारीक. आमच्या डोक्यातून ११.

एवढा वेळ पोरीला एका जागी बसवावयाचे तर गोष्ट सांगणे आलेच. तिने विचारले, "आजी, पहिली फणी कोणी केली?" तिच्या वडिलांनी शोधून सांगितले ते आम्हांलाही नवीन होते. बायबलमध्ये लाखीश नगराचे नाव आपण वाचतो. त्या नगराच्या अवशेषांत २०१६ साली हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एका बाजूला गुंता काढण्यास सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. आपल्या दोन्हीकडच्या फणीसारखीच घडण. तिच्यावर कोरलेली सतरा पुसट अक्षरे कित्येक वर्षे कोणाच्या नजरेस पडली नाहीत. २०२२ साली त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. सुमारे १७०० ख्रिस्तपूर्व काळातील ती अक्षरे म्हणजे, त्या दाताने केसांतील व दाढीतील उवा उपटून काढाव्यात, अशी एक इच्छा आहे. कनानी लिपीत लिहिलेले हे सर्वांत जुने संपूर्ण वाक्य मानतात. आणि फणीच्या एका दातावर उवेचे अवशेषही सापडले. हस्तिदंत तेथे परदेशाहून येई, म्हणजे फणी कोणा श्रीमंताची असली पाहिजे. उवा अस्वच्छ, गरीब घरांतच होतात असे मानणाऱ्या आम्हांला हे सारे ऐकताना फणी थोडा वेळ थांबवावी लागली.

पाचव्या दिवसाच्या संध्याकाळी आम्ही बाईंच्या घरी गेलो. बारा वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या. आम्ही त्यांच्याकडे प्रथमच जात होतो. त्यांनी गडबडीने चटई अंथरली. मुलगी कोपऱ्यात गृहपाठ करीत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. आम्ही जे झाले ते सांगितले. उवा आमच्याच डोक्यात होत्या, आणि पोरीला उगाच बंदी केली, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. सांगताना वाटले होते तितके ते सोपे गेले नाही.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं की आजी. जूनच्या शेवटाला हिच्या डोक्यात निघाल्या. त्याच्या आधी कधी नव्हत्या. तुमच्याकडनंच आल्या म्हणून समजलं. मी रोज रात्री फणी फिरवून पंधरा दिवसांत सगळ्या काढल्या. तुम्ही नको म्हणालासा तेव्हा हिचं डोकं साफ होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्या घरात उवा आहेत असं मी कसं म्हणू ओ?"

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यांनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत आम्ही मुलीला जवळ बोलावून तिच्या गृहपाठाविषयी काहीबाही विचारले. तिने तुटक उत्तरे दिली. निघताना आम्ही म्हणालो, "उद्यापासून ये हं." ती म्हणाली, "आई म्हणाली तर येईन."

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. नवव्या दिवशी, आम्ही नातीला घेऊन व्हरांड्यात बसलो असताना आली आणि खांबाशी उभी राहून पाहू लागली. त्या दिवशी नातीच्या डोक्यातून दोनच निघाल्या, अगदी सुईच्या टोकाएवढ्या. "असं नाही आजी," ती एकदम म्हणाली, "कानामागून उलटी ओढायची." तिने फणी घेतली, आणि आणखी एक निघाली. तेराव्या दिवशी कागद कोरा राहिला. शाळेत नातीला आधीच पाठविले होते. लीख दिसते म्हणून मुलाला घरी बसवू नये असेच आता अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते, आणि तसे पत्र आमच्या मुलाने शाळेला लिहिले. शाळेने ते मान्य केले हे नमूद केले पाहिजे.

सतराव्या दिवशी दोघी मुली आमच्या मागे बसल्या. एकीच्या हाती कागद, दुसरीच्या हाती फणी. आम्ही त्यांच्यापुढे पाठ करून, अंबाडा सोडून, लहान मुलासारखे गप्प बसलो होतो. पाऊस थांबला होता. बऱ्याच वेळाने बाईंच्या मुलीचे बोट मानेवर थांबले.

"आजी, एक लीख आहे."

आम्ही दचकलो. "जिवंत?"

तिने तो केस वेगळा काढून उजेडाकडे धरला, आणि आमच्या नातीने नाक लावून पाहिले. "टाळूपासून बोटाच्या पेराएवढी लांब आहे," ती म्हणाली. "केस महिन्याला एवढासाच वाढतो, म्हणजे ही जुनी. रिकामीच असणार." मग दोन नखांच्या चिमटीत धरून तिने ती केसाच्या टोकापर्यंत ओढत नेली, कागदावर ठेवली, आणि पुढची बट हाती घेतली.